लेव्हल ४ की एक्सेल गोल्ड? आधी बार्सचे गुण बघा

अमेरिकेत टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या ताईंनी पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगी ८ वर्षांची आहे, जिम्नॅस्टिक्स करते. लेव्हल ३ चा मोसम संपला आणि राज्यस्पर्धेत तिला एकूण ३६.४० गुण मिळाले: व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून उडी) ९.२०, बार्स (खालचा आणि वरचा असे दोन दांडे) ८.७५, बीम (उंचावरची अरुंद पट्टी) ९.१०, फ्लोअर (जमिनीवरचं, संगीतावरचं रूटीन) ९.३५. तिच्या बरोबरीच्या दोघी लेव्हल ४ ला चालल्या आहेत. हिला मात्र कोचनं एक्सेल गोल्ड सुचवलं आहे, कारण "किप (बारला लटकून झोक्यानं हातांवर वर येणं) अजून येत नाही". ताई विचारतात, ही पायरी खाली आहे का, कॉलेजच्या संघांची दारं आत्ताच बंद होतात का, आणि पुण्याहून सासूबाई "नॅशनलला कधी?" म्हणतात त्यांना काय सांगायचं.

तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण निर्णय यांतल्या एकावरही ठरत नाही. खरा प्रश्न आहे की येत्या बारा महिन्यांत मुलीला किप यायला हवी, तर ती कोणत्या गटात लवकर आणि नीट येईल? आणि आठवड्याला किती तास देणं तुमच्या घराला झेपेल? गटाचं नाव त्यानंतर येतं. मी मुलींना अगदी सुरुवातीपासून वरच्या लेव्हलपर्यंत शिकवते आणि स्पर्धांत गुणही देते. मुलगी किंवा तिचा सराव न बघता कोच बरोबर की चूक, हे मी सांगू शकत नाही. कोचच्या म्हणण्यामागे काय असू शकतं आणि ते कसं तपासायचं, हे मात्र सांगता येईल.

आधी व्यवस्था समजून घेऊ. आपल्याकडे शालेय स्पर्धा १४, १७, १९ वर्षांखालील अशा वयोगटांत होतात, त्यामुळे आपल्या डोक्यात "वयाप्रमाणे गट" पक्कं बसलेलं असतं. यूएसए जिम्नॅस्टिक्स या अमेरिकेतल्या राष्ट्रीय संस्थेत आधी लेव्हल ठरते आणि त्या लेव्हलमध्ये मग वयाचे गट पडतात. म्हणून ८ वर्षांची लेव्हल ३ ची मुलगी आणि १२ वर्षांची लेव्हल ३ ची मुलगी एकच रूटीन करतात, पण पदकं वेगळी.

मुख्य रस्ता म्हणजे डेव्हलपमेंट प्रोग्रॅम, लेव्हल १ ते १०. जुने पालक त्याला अजून "जेओ" म्हणतात, कारण पूर्वी त्याचं नाव ज्युनिअर ऑलिंपिक होतं. यातल्या १ ते ५ कम्पल्सरी. देशभर सगळ्या मुलींचं रूटीन एकच, फ्लोअरचं संगीतही तेच. सध्याची रूटीन २०२१ मध्ये आली आणि ती आठ वर्षांसाठी आहेत. इथे जज पाठ केलेलं रूटीन समोर ठेवून बघतात. हात ठरल्या जागी गेला नाही, एखादं पाऊल गाळलं, तरी गुण गेले. लेव्हल ६ पासून १० पर्यंत ऑप्शनल. रूटीन स्वतःचं, पण प्रत्येक उपकरणावर ठरलेल्या अटी पाळायच्या, आणि एक अट चुकली की ०.५ कमी. कौशल्यांची ए, बी, सी अशी प्रतवारी असते. लेव्हल ६ ला पाच ए आणि एक बी लागतात. लेव्हल ८ ला चार ए आणि चार बी. लेव्हल १० ला तीन ए, तीन बी, दोन सी, आणि तेवढं सगळं करूनही सुरुवात ९.५ पासून होते. उरलेला अर्धा गुण अवघड कौशल्यांच्या आणि जोडण्यांच्या बोनसमधून कमवायचा. त्याच्याही पुढे एलिट. तिथे आंतरराष्ट्रीय नियमावली लागते आणि १० ची मर्यादाच नसते.

दुसरा रस्ता एक्सेल: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, सफायर. इथे अगदी खालच्या पायरीपासून रूटीन स्वतःचं आणि फ्लोअरचं संगीतही स्वतःचं. प्रत्येक उपकरणाला ठरलेल्या अटी पूर्ण केल्या की १० पासून सुरुवात. मुलीला जे चांगलं येतं त्याभोवती रूटीन बांधता येतं, ही त्याची जमेची बाजू. त्यातच त्याचा धोकाही आहे, तो पुढे सांगते.

गोल्ड म्हणजे खालची पायरी नव्हे. कौशल्यांच्या अवघडपणात गोल्ड ढोबळमानानं लेव्हल ४ च्या आसपास येतं. फ्लोअर आणि बीमवर तर गोल्डची मुलगी बऱ्याचदा लेव्हल ४ च्या मुलीपेक्षा अवघड काही करते. फरक बार्सचा. गोल्डमध्ये किपची सक्ती नाही. लेव्हल ४ मध्ये किपशिवाय रूटीनच उभं राहत नाही, कारण ती खालच्या बारवर लागते आणि वरच्या बारवरही. पाचवीत (इथे चौथी, पाचवी म्हणजे लेव्हल, शाळेची इयत्ता नव्हे) त्यात वरच्या बारवरून हवेत मागे कोलांटी घेऊन उतरणं, म्हणजे फ्लायअवे, येतं. बाकी उपकरणांवर तिसरीतून चौथीत जाणं तुलनेनं सरळ आहे. व्हॉल्टला गाद्यांच्या थरावर हँडस्टँड करून पाठीवर पडण्याऐवजी खऱ्या टेबलावरून हँडस्प्रिंग, बीमवर कार्टव्हील, फ्लोअरला राउंड-ऑफनंतर (धावत येऊन केलेलं, दोन्ही पायांवर उतरणारं कार्टव्हील) दोन बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे हातांवरून मागे उलटणं. व्हॉल्ट आणि फ्लोअरला नवाच्या वर गुण घेणाऱ्या मुलीला हे सहा-आठ महिन्यांत जमतं. बार्सचं तसं नाही.

किपमध्ये नेमकं काय घडतं ते बघा, म्हणजे कोचशी बोलताना उपयोग होईल. मुलगी खालच्या बारला धरून पाय जमिनीला न लावता पुढे सरकवते. हा ग्लाइड. शरीर बारच्या पुढे पूर्ण लांब झालं, की त्या टोकालाच चवडे झटकन बारला लागायला हवेत. मग मागे झुलत येताना हात सरळ ठेवून बार खाली दाबायचा, म्हणजे तो घोट्यापासून मांडीपर्यंत पायांना लागून सरकतो, पायजमा वर ओढावा तसा. शेवटी मनगटं बारच्या वर चढतात आणि ती हातांवर तोलून, बार मांड्यांना लावून वर येते. सगळं मिळून दोन सेकंदही लागत नाहीत.

अडतं ते तीनपैकी एका जागी. बहुतेक मुलींचे चवडे उशिरा येतात. शरीर मागे निघालेलं असतं, कंबर खाली पडते आणि मुलगी बारखालीच लटकून राहते. याचं कारण पोटाची आणि कमरेपाशी दुमडण्याची ताकद. बारला लटकून, गुडघे न वाकवता, चवडे बारला लावायचे असे सलग दहा झाले नाहीत तर किपचा सराव कितीही केला तरी उपयोग होत नाही. दुसरं, काही मुली कोपर वाकवून ओढतात. मग एक कोपर आधी वर चढतं आणि दुसरं खाली राहतं, ज्याला जिममध्ये चिकन विंग म्हणतात. अशी मुलगी कधीमधी वर पोचते, घरी टाळ्या पडतात आणि "किप आली" असं ठरतं. मला ती न आलेल्या किपपेक्षा जास्त नको वाटते. वाकलेल्या हातांचे ०.३ पर्यंत जातात ते एक, आणि सवय सोडवायला पुन्हा वर्ष जातं ते दुसरं. हिला सरळ हातांनी रबरी पट्टा खाली दाबण्याचा व्यायाम लागतो, ओढण्याचा नाही. तिसऱ्या प्रकारच्या मुलीला सगळं जमतं, फक्त मनगटं बारच्या मागेच राहतात आणि शेवटच्या वितीला ती परत खाली येते. ही किप येण्याच्या सगळ्यात जवळ असते. नीट लक्ष दिलं तर काही आठवड्यांची बाब.

म्हणून "किप येत नाही" एवढ्यावर थांबू नका, "कुठे अडते?" हे विचारा. पहिल्या दोन जागी अडत असेल तर चौथीचा आग्रह सोडा. तिसऱ्या जागी अडत असेल तर गोल्ड का, हे विचारायला तुम्हाला पूर्ण वाव आहे.

किप नसताना चौथीला उतरवलं तर काय होतं? पडल्याचे ०.५ जातात. त्याशिवाय कम्पल्सरीत मुख्य घटक गाळला की त्याच्या किमतीच्या दुप्पट गुण कापतात. एका राहिलेल्या किपनं सहज एकापेक्षा जास्त गुण जातात आणि रूटीनमध्ये ती एकदाच येत नाही. बाकी तिन्ही उपकरणांवर नऊ घेणारी मुलगी बार्सवर पाच-सहा घेऊन, मोसमभर, दर शनिवारी सगळ्यांसमोर बारखाली लटकून राहते. आठ वर्षांच्या मुलीला त्यातून "मला बार्स येत नाहीत" हा धडा मिळतो आणि तो काढणं किप शिकवण्यापेक्षा अवघड जातं.

तुमच्या मुलीचे ८.७५ वाईट नाहीत, पण चौघांत सर्वात कमी तेच आहेत. गुणपत्रिकेवर गेले ते १.२५ कुठे गेले हे कळत नाही. त्यासाठी मोसमातले दोन-तीन व्हिडिओ कोचबरोबर बसून बघा. कास्टमध्ये (हातांवर तोलून शरीर बारपासून मागे-वर फेकणं) कंबर बारपासून उंच जात नसेल आणि बॅक हिप सर्कलला (कंबर बारला लावून मागे पूर्ण गोल फिरणं) हात वाकत असतील, तर ती ताकदीची उणीव आहे, म्हणजे किपचा प्रश्नही तोच. पाय सुटणं, चवडे न ताणणं, उतरताना पाऊल टाकणं अशा बारीकसारीक गोष्टींत गेले असतील तर ताकद आहे, टापटीप नाही. एकूण ३६.४० वरून यातलं काहीच कळत नाही. तिसरीतले एकूण गुण नीटनेटकेपणाचे असतात, चौथीच्या तयारीचे नसतात.

आता गोल्डचा धोका. किपची सक्ती नाही म्हणून बऱ्याच जिममध्ये गोल्डच्या मुली किप शिकतच नाहीत. तास कमी असतात, स्पर्धा जवळ आलेली असते, पुलओव्हर (पाय वर ओढून बारवर चढणं) आणि हिप सर्कलवर अटी भागतात, मग कोच त्यातच समाधान मानते. वर्ष संपतं आणि मुलगी बार्सवर तिथेच. त्यामुळे तुमचा हो किंवा नाही एका प्रश्नावर ठरवा: "गोल्डमध्ये असताना आठवड्यात किती वेळ किप आणि कास्टवर जाईल, आणि कोण शिकवेल?" प्रत्येक सरावात पंधरा-वीस मिनिटं आणि त्याआधी ताकदीचे व्यायाम, असं ठोस उत्तर आलं तर गोल्ड चांगला निर्णय आहे. "बघू, येईल हळूहळू" असं उत्तर आलं तर ते वर्ष नुसतं मजेचं आहे असं समजून घ्या. मजेचं वर्षही वाईट नसतं, पण ते तुम्ही निवडलेलं असावं.

तिसरा पर्याय तुमच्या पत्रात नाही: लेव्हल ३ पुन्हा. रूटीन तेच, त्यामुळे सरावाचा बराच वेळ नव्या कौशल्यांना देता येतो, आणि काही मुलींना ३७-३८ गुण घेऊन पदकं मिळाली की हुरूप येतो. पण ३६ च्या वर गेलेल्या मुलीला तेच रूटीन, तेच संगीत आणखी एक वर्ष दिलं की ती कंटाळते. मी हा पर्याय सुचवते तो ३४ च्या आतबाहेर असणाऱ्या मुलींना. तुमच्या मुलीसाठी गोल्ड आणि तिसरी यांत मी गोल्ड घेईन, स्वतःच्या संगीतासाठीसुद्धा. फ्लोअरला ९.३५ घेणाऱ्या मुलीला ते आवडणार.

तासांचं आणि पैशांचं जिमगणिक वेगळं असतं. साधारणपणे गोल्डला आठवड्याला सहा ते नऊ तास, लेव्हल ४ ला नऊ ते बारा. तुमच्या भागात हे आकडे वरच्या बाजूला झुकतात. शेजारच्या प्लेनोच्या एका जिममधून २००४ ची ऑलिंपिक विजेती कार्ली पॅटरसन आणि २००८ ची नॅस्टिया ल्युकिन तयार झाल्या, आणि त्या वातावरणात आठ वर्षांच्या मुलीला सोळा तासही कुणी सहज सांगून जातं. खेळांच्या डॉक्टरांचा एक ढोबळ नियम आहे: आठवड्याचे सरावाचे तास मुलीच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत. वरच्या लेव्हलला हा नियम पाळला जात नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण आठव्या वर्षी तो मोडायचं काही कारण नाही. टाच, गुडघ्याखालचं हाड किंवा मनगट रोज दुखत असेल, किंवा मागे वाकताना कंबरेत एका जागी कळ येत असेल, तर लेव्हलचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर. खर्चात फीशिवाय स्पर्धांचं प्रवेशशुल्क, संघाचा लिओटार्ड (अंगालगत बसणारा पोशाख), जॅकेट, गावाबाहेरच्या स्पर्धांचं हॉटेल हे धरा. लिओटार्ड दोन-तीन वर्षं चालणार की दर वर्षी नवा, हे आधीच विचारा. प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण उत्तर शेकडो डॉलरचं असतं.

कॉलेजचं भय निराधार नाही, पण अवेळी आहे. एनसीएए या कॉलेजच्या खेळांच्या संस्थेच्या पहिल्या विभागातले संघ जवळजवळ सगळ्या मुली लेव्हल १० आणि एलिटमधून घेतात आणि त्यांच्या स्पर्धांचे नियम लेव्हल १० च्याच धर्तीवर आहेत. त्यामुळे एक्सेलमधून थेट तिकडे जाण्याची वाट धरू नका. पण उलटं गणित करून बघा. कॉलेजचे कोच मुलीशी थेट बोलू शकतात ते शाळेच्या दहावी इयत्तेनंतरच्या १५ जूनपासून. म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षी ती दहाव्या लेव्हलला असावी. आज आठ. एक वर्ष गोल्डमध्ये गेलं, मग नवव्या वर्षी चौथी, दहाव्या वर्षी पाचवी, अकराव्या वर्षी सहावी किंवा सातवी (पाचवीनंतर सहावी गाळता येते), बाराव्या-तेराव्या वर्षी आठवी, मग नववी, मग दहावी लेव्हल. गणित बसतं, आणि दुखापतीचं एक वर्ष धरूनही बसतं. चौथी आणि पाचवीत पूर्ण मोसम घालवावाच लागतो असंही नाही. ठरावीक गुण एका स्पर्धेत मिळवून पुढे सरकता येतं, त्याला स्कोअर आउट म्हणतात. आठवीतून नववीत आणि नववीतून दहावीत जायला मात्र एकूण ३४ गुण लागतात, आणि मुली गळतात त्या तिथे. एक्सेलमधून परत मुख्य रस्त्यावर येण्याचे नियम मोसमागणिक बदलतात. ते त्या वर्षीच्या नियमपुस्तकात आणि राज्याच्या समितीकडे बघावेत, दुसऱ्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटात नव्हे.

सासूबाईंना सांगा, तिसरी-चौथीचा रस्ता राज्यस्पर्धेपाशी संपतो, त्यात कमीपणा काही नाही. सगळ्यांसाठीच तसं आहे. पुढे रीजनल, नववीला पूर्व आणि पश्चिम अशा दोन मोठ्या स्पर्धा, आणि या रस्त्यावरची राष्ट्रीय स्पर्धा दहाव्या लेव्हलला.

घरी काय करता येईल? बार विकत घेऊ नका. घरगुती हलके बार किपच्या झटक्यानं सरकतात, आणि कोच नसताना गिरवलेली चुकीची किप पक्की होते. त्याऐवजी पाठीवर झोपून कंबर जमिनीला चिकटवायची, हात-पाय किंचित उचलून शरीर होडीसारखं वक्र ठेवायचं, तीस सेकंद, तीन वेळा. मग पाय सरळ पुढे ठेवून बसायचं, तळवे गुडघ्यांच्या बाजूला टेकायचे आणि दोन्ही टाचा एकदम उचलायच्या, दहा वेळा. हे दुसरं दिसतं सोपं, पण पहिल्या दिवशी टाचा जागच्या हलत नाहीत. किपमध्ये चवडे बारपर्यंत आणणारी ताकद हीच. आठवड्यातून चार दिवस, दहा मिनिटं. त्यापेक्षा जास्त नको.

कोचला भेटाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. किप कुठे अडते आणि त्यासाठी गोल्डमध्ये किती वेळ मिळेल, हे वर आलंच. पुढच्या उन्हाळ्यात किप आली तर लेव्हल ४ साठी तिला पुन्हा बघाल का, की एकदा एक्सेलच्या संघात गेल्यावर ती तिथेच? काही जिममध्ये दोन्ही संघांचे कोच आणि वेळापत्रक इतके वेगळे असतात की परतीची वाट कागदावरच राहते. शेवटचं, हे "गोल्ड" यूएसए जिम्नॅस्टिक्सच्या एक्सेलचंच आहे ना? यूएसएआयजीसी नावाच्या वेगळ्या संस्थेच्या पायऱ्यांतही ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम हीच नावं आहेत, पण अटी आणि स्पर्धा वेगळ्या. जिम दोन्हीकडे मुली उतरवत असेल तर फॉर्मवर सही करण्याआधी संस्थेचं नाव वाचा.